तोवर पानं मोज

आधीच सांगून टाकते. ही रचलेली गोष्ट नाही.

ज्याच्यावर ही वेळ आली तो फलाखे झोंडी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आजही आहे. पीटरमारित्झबर्गात दुकानांच्या पाट्या रंगवतो. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. फक्त त्याच्या पिशवीतल्या फांदीबद्दल विचारू नका.

आणि भुतांना रात्रच लागते असं कुणी सांगितलं असेल, तर तेही विसरा.

शनिवार होता. १९९६ चा ऑगस्ट. डोर्नहूक जंक्शन, फलाट नंबर दोन. दुपारी बाराला पाच कमी.

वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण फलाखे तेव्हा स्टेशनचं घड्याळ बघत होता. घड्याळ, खांब, छप्पर... जे बघायची ती वेळ नव्हती ते सगळं.

तीच त्याची खोड. डर्बन असो की जोहान्सबर्ग, शहरात शिरला की हा माणूस मान वर करूनच चालतो. विटांच्या कमानी, दगडी जिने, जुन्या डब्यांवरची हरणाची मुद्रा, सगळं वहीत काढून घेतो. त्यातही जीव रेल्वेवर. स्टेशनचे बिडाचे खांब जिथे छपराला मिळतात तिथे नक्षीचं ब्रॅकेट असतं ना, पानं नि वेलींचं? त्याच्यासाठी हा लागलेली गाडी सोडेल. माझी बहीण म्हणायची, "मी बिडाची असते तर ह्यानं माझ्याकडे कधीतरी वर मान करून बघितलं असतं."

आम्ही हसायचो. आता नाही हसत.

फलाखेला एक धाकटा भाऊ होता. झ्वेली. जोहान्सबर्गच्या पूर्वेला एका कारखान्यात कामाला. दोघं लहानपणी रुळांच्या कडेला बसून डबे मोजायचे. झ्वेलीला एक सवय होती. गाडीत बसला की नखानं खिडकीची काच वाजवायचा, रुळांच्या तालावर.

टक-टक... टक-टक...

१९९३ साली फलाखेनं त्याला पत्र लिहिलं. तुझ्या स्टेशनवरच्या ब्रॅकेटाला पानं किती आहेत ते मोजून कळव, जमलं तर चित्र काढून पाठव.

एवढंच पत्र.

आठ दिवसांनी त्याच स्टेशनवर झ्वेली मेला. मान वर करून मागे मागे सरकत होता म्हणे. तिथे न थांबणारी गाडी आली.

खिशात एक कागद सापडला. अर्धवट चित्र. एक, दोन, तीन, चार पानं... आणि पुढे पेन्सिलीचा एक लांब ओरखडा.

भावाच्या कपड्यांची पिशवी आणायला फलाखेच गेला होता. तो कागद त्यानं आईला दाखवला नाही. माझ्या बहिणीलाही नाही. वहीच्या पुठ्ठ्यात खोचला आणि तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

आईला, मासिथोलेला, स्वप्नं पडू लागली.

"झ्वेली फलाटावर उभा असतो," ती सांगायची. "मी हाका मारते. बघतच नाही माझ्याकडे. मान वर करून काहीतरी बघत असतो. काय असतं रे तिथे वर?"

फलाखे वही उचलून बाहेर निघून जायचा.

झ्वेलीला घाईघाईत भाड्याच्या गाडीतून आणला होता नि पुरला होता. पण माणूस जिथे पडतो तिथून त्याला बोलावून घरी आणावं लागतं. ते राहूनच गेलं होतं. बोलावून आणेपर्यंत मेलेला घरचा होत नाही. नुसता वाटेवर उभा राहतो.

शेवटी आईनंच एक दिवस काटेरी फांदी तोडून आणली. बोरीच्या जातीचं झाड, मेलेल्याला आमच्याकडे त्याच्याच फांदीवरून घरी आणतात. त्याचा एक काटा सरळ असतो आणि एक मागे वळलेला. ती फांदी तिनं फलाखेच्या हातात दिली.

"दोन तिकिटं काढायची. एक तुझं, एक त्याचं."

"आणि टीसी हसला तर?"

"हसू दे. त्याच्या घरचं अजून कुणी मेलं नसेल." मग ती जवळ सरकली. "वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोलायचं ते फांदीशी. चढलास, सांग. नदी आली, सांग. उतरलास, सांग. मेलेल्याला रस्ता दिसत नाही रे बाळा, तू म्हणशील तेवढंच तो करतो. ऐकतोयस ना? की खिडकीची चौकट बघतोयस?"

तो खरंच खिडकीची चौकट बघत होता.

शनिवारी सकाळी सहाला तो त्या स्टेशनवर पोचला. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फलाटाच्या टोकाशी, त्याच खांबाखाली, त्यानं फांदी जमिनीला टेकवली.

"झ्वेली, मी आलोय. फलाखे. आईनं पाठवलंय. चल, घरी जाऊ."

काहीच झालं नाही.

कावळाही ओरडला नाही.

मग... फांदी जड झाली.

पाण्यानं भरलेली बादली उचलावी तशी. मनगटाला रग लागली. फलाखेला रडू फुटलं, पण त्यानं वर बघितलं नाही. त्या दिवशी तेवढी एक गोष्ट त्यानं नीट केली.

तिकिटाच्या खिडकीवर त्यानं चिठ्ठी सरकवली. दोन तिकिटं, पीटरमारित्झबर्ग. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी वाचली, फांदी बघितली आणि आवाज खाली आणला. "खिडकीजवळची देतो. त्यांना बाहेर बघायला बरं वाटेल."

डबा जुना होता. समोर एक जाडजूड आजी बसली होती, मागुमेडे. मांडीवर गाठोडं आणि तोंड अखंड चालू. गाडी सुटल्यावर टीसी आला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाला, "इथे कोणी नाही ना? मग पलीकडच्या बाईंना बसू द्या."

फलाखेनं दुसरं तिकीट पुढे केलं.

"अहो, मग माणूस कुठेय?"

"साहेब, डोळे आहेत की बटणं?" मागुमेडे कडाडली. "फांदी दिसत नाही? तिकीट काढून बसलाय तो. तुमच्यासारखा फुकट नाही फिरत!"

टीसीनं टोपी काढली. मुकाट्यानं दोन्ही तिकिटांना चिमटा मारला. रिकाम्या सीटला मान लववून पुढे गेला.

आणि फलाखे बोलायला लागला. हळू आवाजात, फांदीशी.

"झ्वेली, तू खिडकीपाशी आहेस. भिंतीच्या फळ्या लाकडी आहेत, पितळी हूक अजून जागेवर आहेत. दारावरची हरणाची मुद्रा मात्र घासून गेलीय, शिंगंच तेवढी उरलीत... हे बघ, पाण्याची टाकी गेली. कोळशाच्या इंजिनांच्या काळातली. खालचे चारही पाय नक्षीचे... आता पूल आला. नदी ओलांडतोय बरं का. घाबरू नकोस."

तीन वर्षांनी तो भावाशी बोलत होता. जे दोघांना आवडायचं त्याच्याबद्दलच बोलत होता. मला सांगताना म्हणाला, "वहिनी, त्या चार तासांत मला वाटलं, झ्वेलीनं मला माफ केलं."

बायकोच्या बहिणीला तो वहिनी म्हणतो. चेष्टेनं सुरू झालं नि तेच राहिलं.

मग... काच वाजली.

टक-टक... टक-टक...

खिडकीपाशी कुणीच नव्हतं. मागुमेडेही बोलायची थांबली. तिनं गाठोडं सोडलं, एक मगविन्या, तळलेला पिठाचा गोळा, काढला आणि त्या रिकाम्या सीटवर अलगद ठेवला. "खा, बाळा," एवढंच म्हणाली.

साडेअकराला डोर्नहूक जंक्शन आलं आणि इंजिन बसलं. सगळ्यांनी उतरा, समोरच्या फलाटावर दुसरी गाडी लागेल, असं ओरडत एक माणूस डब्यांजवळून गेला.

"झ्वेली, आपण उतरतोय. पायरी उंच आहे, सांभाळ. आता जिना... आता फलाट दोन. इथे बाकावर बसू."

सगळं नीट चाललं होतं. फांदी जड होती. आई म्हणाली होती तसंच तो सगळं करत होता.

आणि त्यानं वर बघितलं.

तेच ब्रॅकेट.

झ्वेलीच्या स्टेशनवरचं. त्याच साच्यातून ओतलेलं. अर्धवट चित्रात होती तीच चार पानं... आणि पुढची. पाच, सहा, सात. सातवं टोकाला तुटलेलं.

तीन वर्षं त्याला हेच जाणून घ्यायचं होतं. पुढे किती पानं होती? भाऊ कितव्या पानावर असताना गाडी आली?

सातवं पान साच्यातच तुटकं होतं की इथेच तुटलं होतं? पलीकडच्या खांबांवर बघायला हवं होतं. खांबाच्या पायाशी ओतकामवाल्याचं नावही असतं. फलाटाच्या टोकापर्यंत दहा खांब. घड्याळात बाराला पाच कमी. दोन मिनिटांचं काम.

त्यानं फांदी बाकावर ठेवली.

"थांब इथेच. आलोच. तोवर पानं मोज."

अगदी सहज म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसंच.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच. तो खांबामागून खांब बघत गेला. वही काढली. पेन्सिल काढली. पाचव्या खांबावर सातवं पान धड होतं, आठव्यावरही. म्हणजे फक्त त्या बाकावरचंच तुटकं होतं. त्याला केवढा आनंद झाला! भर दुपारी फलाटावर एकटाच हसला तो.

शिट्टी झाली.

समोरची गाडी भरली होती, हलायच्या बेतात होती. फलाखे धावला. बाकावरून फांदी उचलली, काटा तळहातात घुसला, तसाच दांडा धरून डब्यात चढला.

त्या धावपळीत एक शब्द तोंडून निघाला नाही.

'चल' हा.

सीटवर बसल्यावर धाप लागलेली असतानाच तो म्हणाला, "बसलो बरं का, झ्वेली." फांदी जड होती. म्हणजे सगळं ठीक होतं. उलट जास्तच जड होती.

गाडीनं वेग घेतला. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

काच वाजली नाही.

फलाखे कान देऊन बसला. रुळांचा ताल होता, डब्याची खडखड होती. नखाचा आवाज मात्र नव्हता. मग कसलातरी वास आला. ओल्या लोकरीच्या कोटाचा... आणि कोळशाच्या धुराचा. त्या मार्गावर कोळशाचं इंजिन बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

आधीच्या गाडीत शेजारच्या सीटची गादी जराशीच दबली होती. आता खोल दबली होती.

मागुमेडे गाठोडं सावरत डब्यात शिरली. नेहमीसारखं काहीतरी बडबडत होती. समोर बसायला वाकली... आणि वाकलेलीच राहिली.

"बाळा," ती फलाखेला म्हणाली, "मघाचा जो होता, तो बाहेर बघत होता."

फलाखेनं मान वर केली.

"हा तुझ्याकडे बघतोय."

ती गाठोडं घेऊन निघून गेली. पुन्हा दिसली नाही.

त्याला ओरडून विचारायचं होतं, आजी, काय दिसलं? पण कुणाशी बोलायचं नाही हाच तर नियम. तो मोडला तर झ्वेली कायमचा गेला, असं त्याला वाटलं. कोण जाणे, तेव्हा मोडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या स्टेशनवर उतरून परत जाता आलं असतं. मी त्याला हे तोंडावर विचारलंय. तो म्हणाला, "घरी बोकड बांधला होता. भाऊबंद जमले होते. आई दारात उभी असणार. परत जाऊन काय सांगणार होतो? छप्पर बघत होतो म्हणून?"

लाज वाटली त्याला. बाकी काही नाही. घरोघरी माणसं लाजेपायीच वाटोळं करून घेतात.

संध्याकाळी तो घरी पोचला. आई फाटकाशी होती. झोंडींच्या कुळाचं मानाचं नाव घेऊन तिनं हाक मारली, "ये, नोंडाबा! ये रे माझ्या लेकरा!" तिनं फांदी दोन्ही हातांत घेतली. वजनानं थोडी झुकली आणि हसली. झ्वेलीचं म्हातारं कुत्रं दारात झोपलं होतं. ते उठलं. भुंकलं नाही. शेपूट पोटाखाली घालून मक्याच्या शेतात निघून गेलं.

आई फांदी घेऊन झोपडीत गेली. आत मागच्या भिंतीशी पूर्वजांची जागा आहे, तिथे ती एकटीच बसली.

आम्ही सगळे बाहेर उभे होतो. मीही होते. आतून आईचा आवाज येत होता. आधी लाडाचा... मग विचारल्यासारखा... मग थांबलाच.

आणि आत कुणीतरी खोकलं.

पुरुषाचा खोकला. म्हाताऱ्या छातीतला. आत आईशिवाय कुणी नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"फलाखे, वाटेत कुठे थांबलास?"

"आई..."

"हा माझा नाही. म्हातारा आहे. अंगाला कोळशाचा वास येतोय. मी विचारलं, तू कोण? तर म्हणतो, फार वर्षांपूर्वी एका फलाटावर एकजण मला 'थांब, आलोच' म्हणून गेला होता. परत आलेला ऐकू आला, म्हणून उठलो नि मागे मागे आलो."

तिथेच, सगळ्यांसमोर, फलाखे सांगत सुटला. बाक, पानं, तोवर मोज. पत्रही सांगितलं. वहीच्या पुठ्ठ्यातून तो कागद काढून तिच्या पायाशी ठेवला.

मासिथोलेनं कागद उचलला. चार पानं आणि तो ओरखडा बराच वेळ बघितला.

"म्हणजे हे होतं तिथे वर," ती म्हणाली. मग एक वाक्य बोलली. "दोनदा मारलास त्याला."

एका भाऊबंदानं विचारलं, बोकड सोडायचा का? "का म्हणून?" ती त्याच्यावर खेकसली. "दारात आलाय. हाकलू कसा? तोही कुणाचातरी लेक असेल. कापा."

दोन आठवड्यांनी नवी फांदी घेऊन फलाखे डोर्नहूकला गेला.

फलाट दोनवर छप्पर नव्हतं.

बाक नव्हता. खांब नव्हते. सिमेंटमध्ये दहा गोल खळगे तेवढे होते. झाडू मारणारा एक माणूस सांगत होता, "ते होय? काढलं की. परवाच. पत्र्याचं नवं येणार. जुनं लिलावात गेलं. काही डर्बनच्या हॉटेलवाल्यानं नेलं, काही जोहान्सबर्गला बंगल्याबिंगल्यांना, उरलेलं भंगारात. बिडाला गिऱ्हाईक आहे म्हणतात."

फलाखेनं प्रत्येक खळग्यात फांदी टेकवली. दहाच्या दहा.

"झ्वेली, मी आलोय. चल."

फांदी फांदीएवढीच राहिली.

त्यानं सांगितलं होतं, इथेच थांब, पानं मोज. मेलेला माणूस म्हणशील तेवढंच करतो. मग पानं जिथे गेली तिथे तो गेला असणार. आता कुणाच्या हॉटेलच्या व्हरांड्यात, कुणाच्या बंगल्याच्या दारावर, तो उभा राहून मोजतोय... की भट्टीत...

ह्यापुढचं फलाखे बोलत नाही.

तेव्हापासून तो अधूनमधून शहरं फिरतो. डर्बन, जोहान्सबर्ग, किंबर्ली, पार केपटाऊन. काम मिळालं की पाट्या रंगवायच्या आणि उरलेल्या वेळात मान वर. पिशवीत फांदी. सुकली की नवी. वहीत आता फक्त ब्रॅकेटंच. एकदा विद्यापीठातल्या एका बाईनं ती वही बघितली. म्हणाली, "किती प्रेमानं बघता हो तुम्ही जुन्या वास्तूंकडे!" फलाखे असा हसला की ती बिचारी उठून गेली.

सातवं पान तुटलेलं ते ब्रॅकेट अजून मिळालेलं नाही.

मासिथोले पुढे आठ वर्षं जगली. मागच्या भिंतीशी त्या परक्यासाठी बिअरचं भांडं ठेवत राहिली. खोकला ऐकू आला की म्हणायची, "घे रे बाबा, घसा ओला कर." फलाखेशी मात्र कामापुरतंच बोलायची. शेवटी तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथून ती परत येणार नाही हे तिलाही कळलं होतं. फलाखे उशाशी बसला होता. त्यानं विचारलं, "आई, काही सांगायचंय?"

"हो," ती म्हणाली. "मला न्यायला फांदी घेऊन तू येऊ नकोस. तुझ्याबरोबर मी नाही येणार."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं.

तिची फांदी माझ्या बहिणीनं आणली. बाईनं आणू नये म्हणून भाऊबंदांनी आरडाओरडा केला, तो तिनं कानाआड केला. फलाखे त्याच गाडीत होता. मागच्या डब्यात, एकटा. खाली बघत.

झोपडीत आता कुणी राहत नाही. भिंती सारवायला मी वर्षातून एकदा जाते. कोळशाचा वास अजून आहे. मासिथोले तिथे पोचली का, हे मला माहीत नाही. मागच्या भिंतीशी मी कधी हाक मारलेली नाही. कोण ओ देईल, ह्याची खात्री वाटत नाही.

एक मात्र बदललंय. स्टेशनवर, दुकानात, दवाखान्यात, मी कुणालाही 'थांब, आलोच' म्हणत नाही. नात पाय दुखतात म्हणून रडली तरी कडेवर घेऊन बरोबर नेते.